न्यूरेंबर्ग : नसलेलंही दाखवणारं शहर

न्यूरेंबर्गच्या जुन्या गावातली बहुतेक घरं माझ्या आईपेक्षा वयाने लहान आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे पटणार नाही. तट आहे, बुरूज आहेत, टेकडीवर सम्राटांचा किल्ला आहे, लालसर वाळूच्या दगडाची चर्च आहेत आणि पेग्निट्झ नदीच्या दोन्ही काठांना उतरत्या छपरांची घरं एकमेकांना खेटून उभी आहेत. पण 2 जानेवारी 1945 च्या संध्याकाळी ब्रिटिश विमानांनी तासाभरात या जुन्या गावाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग पाडला. त्या रात्री अठराशेच्या आसपास माणसं मेली, लाखभर बेघर झाली. आज डोळ्यांना दिसतं ते मध्ययुगीन न्यूरेंबर्ग मुख्यतः युद्धानंतरच्या दोन दशकांत पुन्हा बांधलेलं आहे.

हे मला कळलं ते गाइडबाईंकडून. इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंनी फेरीच्या सुरुवातीलाच आम्हाला एका भिंतीपाशी उभं केलं आणि दगडांवरून हात फिरवायला सांगितला. खालचे दगड खडबडीत, काळवंडलेले, कडा झिजलेल्या. डोक्याच्या उंचीपासून वरचे सरळ कापलेले, फिकट. दोन्हींमधली रेघ म्हणजे 1945, त्या म्हणाल्या. पुढचे तीन तास आम्ही ती रेघ शोधत चाललो, आणि शोधायची सवय लागली की ती पावलोपावली सापडते.

पुनर्बांधणीच्या वेळी शहरापुढे दोन सोपे मार्ग होते. सगळं साफ करून रुंद रस्त्यांचं नवं शहर वसवायचं, किंवा प्रत्येक जुन्या घराची हुबेहूब नक्कल करायची. न्यूरेंबर्गने तिसरा मार्ग धरला. गल्ल्यांची जुनी वळणं, छपरांचा उतार, घरांची उंची आणि शक्य तिथे वाळूचा दगड कायम ठेवला. घरं मात्र साधी, त्या काळच्या माणसांना परवडतील अशी बांधली. मोठी चर्च आणि किल्ला तेवढे मूळ रूपात आणले. वाइसगेर्बरगासे ही कातडी कमावणाऱ्यांची गल्ली बॉम्बमधून बऱ्यापैकी वाचली. तिथली लाकडी चौकटींची घरं पाहिली की बाकीच्या गावाने काय गमावलं याचा अंदाज येतो. मला हा तिसरा मार्ग फार मोलाचा वाटतो. नक्कल केली असती तर शहर सुंदर दिसलं असतं, पण खोटं बोललं असतं.

जर्मनीत पायी फिरावं अशी जुनी गावं पुष्कळ आहेत. बाम्बेर्ग, रेगेन्सबुर्ग, रोथेनबुर्ग ही नुसत्या देखणेपणात न्यूरेंबर्गच्या पुढेच जातील. तरी मी न्यूरेंबर्गचं नाव आधी घेतो, कारण इथला गाइड तुम्हाला जे उभं आहे ते दाखवतो आणि जे उभं नाही तेही दाखवतो.

हाउप्टमार्क्ट हा इथला मुख्य चौक. भाजी, फुलं, मध आणि फळांचे ठेले, नाताळच्या आधी जगप्रसिद्ध बाजार. चौकाच्या एका कोपऱ्यात शोनर ब्रुनेन हे एकोणीस मीटर उंचीचं कारंजं, चाळीस रंगीत मूर्तींनी मढलेलं. त्याच्या जाळीतली पितळी कडी फिरवायला पर्यटकांची रांग लागते. पूर्वेच्या बाजूला फ्राउएनकिर्श, म्हणजे मेरीचं चर्च. रोज दुपारी बारा वाजता त्याच्या दर्शनी भागावरचं 1509 सालचं घड्याळ चालू होतं, दारं उघडतात आणि सम्राट निवडणारे सात राजनिर्वाचक मधोमध बसलेल्या सम्राट चौथ्या चार्ल्सभोवती तीन फेऱ्या मारतात. 1356 मध्ये चार्ल्सने सम्राटाच्या निवडीचे नियम घालून देणारं फर्मान काढलं, त्याची ही आठवण. नव्या राजाची पहिली दरबारी सभा न्यूरेंबर्गमध्येच भरावी, असंही त्यात लिहिलं होतं. शहराच्या वैभवाचा पाया तो.

टाळ्या थांबल्यावर बाईंनी विचारलं, "हे चर्च उभं राहण्याआधी इथे काय होतं?" कुणालाच ठाऊक नव्हतं. इथे सिनॅगॉग होतं. चौकाच्या जागी ज्यूंची वस्ती होती. शहराला मोठा बाजार हवा होता, आणि त्याच चार्ल्सने वस्ती पाडायला परवानगी दिली. डिसेंबर 1349 मध्ये 562 ज्यूंना ठार मारण्यात आलं, सिनॅगॉग पाडलं आणि त्या जागी मेरीचं चर्च आलं. पुढे 1499 मध्ये उरलेल्या ज्यूंनाही हाकललं. त्यांना पुन्हा इथे राहायची मुभा मिळायला साडेतीनशे वर्षं लागली. 1933 मध्ये याच चौकाला हिटलरचं नाव दिलं गेलं आणि इथून नाझी तुकड्यांची संचलनं निघाली.

माझा भाचा शेजारच्या एर्लांगेनमध्ये नोकरीला आहे. तो सोबत होता. तो मला हळूच म्हणाला, "मामा, सुट्टीच्या दिवशी मी इथूनच भाजी नेतो. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं." इतक्या वर्षांत त्याने इथे कधी गाइड घेतलाच नव्हता. आपण पुष्कळजण परगावी असंच करतो. फलक वाचतो, फोटो काढतो, पुढे जातो. फलकावर मावत नाही ते माणूस सांगतो.

नदी शहराचे दोन भाग करते, उत्तरेला सेबाल्ड आणि दक्षिणेला लोरेन्झ. मधे एक छपराचा लाकडी पूल आहे, त्याला जल्लादाचा पूल म्हणतात. जल्लादाचं घर नदीवरच, लोकवस्तीपासून तुटलेलं. 1578 पासून चाळीसेक वर्षं इथे फ्रांट्झ श्मिट हा जल्लाद होता. त्याने आपण दिलेल्या शिक्षांची नोंदवही ठेवली. ती आजही इतिहासकार वाचतात. फावल्या वेळात तो हाडं बसवायचा, जखमा बांधायचा. कामावरून उतरल्यावर त्याने सम्राटाकडे अर्ज केला की आपल्या घराण्यावरचा बट्टा पुसावा. तो अर्ज 1624 मध्ये मंजूर झाला. शहराने त्याच्याकडून काम करून घेतलं आणि त्यालाच अस्पृश्यासारखं दूर ठेवलं. ही गोष्ट ऐकताना मराठी माणसाला काय काय आठवेल, ते निराळं सांगायला नको.

लोरेन्झ चर्चमध्ये वर छतापासून लटकणारं एक लाकडी शिल्प आहे. देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देतो आहे, भोवती गुलाबांचं मोठं कडं. फाइट श्टोस या शिल्पकाराने 1517-18 मध्ये ते कोरलं. याच श्टोसला त्याआधी खोट्या दस्तऐवजाबद्दल शहराने दोन्ही गालांवर डाग देण्याची शिक्षा केली होती. डागलेल्या गालांनी त्याने हे काम केलं, आणि तेही इतकं कोमल. 1525 मध्ये शहर धर्मसुधारक ल्यूथरच्या बाजूला गेलं. इतर अनेक गावांत तेव्हा चर्चमधल्या मूर्ती फोडल्या गेल्या. इथे फोडल्या नाहीत. त्या मूर्तींचे दाते शहरातल्या मोठ्या घराण्यांतले होते, आणि आजोबांनी दिलेली देणगी नातवांच्या हातून फुटणार नव्हती. शिल्पावर आच्छादन घातलं, एवढंच. त्याच चर्चमध्ये आडाम क्राफ्टने घडवलेला दगडी मनोरा आहे, छतापर्यंत वेलीसारखा चढत गेलेला. त्याचा भार पेलणाऱ्या मूर्तींत क्राफ्टने हातात हातोडी घेतलेला स्वतःचाच पुतळा गुडघ्यावर बसवला आहे. मला या चर्चमध्ये सर्वांत जास्त वेळ थांबावंसं वाटलं ते त्या माणसापाशी.

किल्ल्यावर सुमारे पन्नास मीटर खोल विहीर आहे. गाइड तांब्याने पाणी ओततो आणि सगळे श्वास रोखून आवाजाची वाट पाहतात. मग ताटात मेणबत्त्या ठेवून खाली सोडतो. मुलांना हे फार आवडतं. किल्ल्यावरून लाल छपरांचा जो पसारा दिसतो त्यासाठी चढ सोसावा.

किल्ल्याच्या पायथ्याशी, टियरगेर्टनर वेशीजवळ, चित्रकार अल्ब्रेख्ट ड्यूररचं घर आहे. 1420 च्या सुमाराचं हे घर ड्यूररने 1509 मध्ये विकत घेतलं आणि 1528 मध्ये मरेपर्यंत तो इथेच राहिला. युद्धात घराला तडाखे बसले, पण ते टिकलं. त्याची बायको आग्नेस हिच्या वेशातली अभिनेत्री तुम्हाला घर दाखवते. स्वयंपाकघर, छापखान्याची खोली, रंगांची भांडी. यजमानीणच सगळं दाखवते आहे असं वाटतं आणि प्रश्नही मोकळेपणाने विचारले जातात.

या घरातून निघालेल्या एका चित्राची सुरुवात गोव्यात होते. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कला एक गेंडा भेट पाठवला होता. आल्बुकर्कला दीवमध्ये किल्ला बांधायची परवानगी हवी होती. ती मिळाली नाही, गेंडा मिळाला. त्याने तो आपल्या राजाकडे रवाना केला. जानेवारी 1515 मध्ये गेंड्याला घेऊन जहाज गोव्याहून निघालं आणि 20 मे रोजी लिस्बनला पोचलं. रोमन काळानंतर युरोपच्या भूमीवर जिवंत गेंडा कुणी पाहिलेला नव्हता. लिस्बनमधून त्याचं वर्णन आणि रेखाटन न्यूरेंबर्गच्या व्यापाऱ्यांकडे आलं. त्यावरून ड्यूररने लाकडात ठसा कोरला, चिलखताचे तुकडे जोडल्यासारखी कातडी, पायांवर खवले आणि मानेजवळ एक जादा छोटं शिंग. ड्यूररने तो प्राणी कधीच पाहिला नाही. तरी पुढची दोन-अडीच शतकं युरोपला गेंडा म्हणून हाच ठाऊक होता. खुद्द गेंड्याचं दैव वाईट. राजाने त्याला पोपकडे पाठवलं आणि 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्यापाशी जहाज बुडालं. साखळदंडांत बांधलेला तो जीव पोहूही शकला नाही.

गोव्याच्या बंदरातली बातमी काही महिन्यांत समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या या गावात पोचली, त्याला कारण होतं. न्यूरेंबर्गचे व्यापारी मसाल्यात गुंतलेले होते. 1505 मध्ये पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा हिंदुस्थानात आला, त्या ताफ्यात जर्मन व्यापाऱ्यांचं भांडवल होतं, आणि त्यांत न्यूरेंबर्गची इमहोफ आणि हिर्शफोगेल ही घराणी होती. त्या ताफ्याने इथे आल्यावर आधी अंजदीव बेटावर किल्ला बांधायला घेतला. ते बेट आज गोव्यात आहे. लोरेन्झ चर्चमधला क्राफ्टचा मनोरा याच इमहोफ घराण्याने देणगी म्हणून दिला होता. मिरी, दालचिनी, लवंग आणि केशर यांवर शहराची बारीक नजर असे. केशरात भेसळ करणाऱ्याला 1444 मध्ये त्याच्या मालासकट जाळलं गेलं. इथला नाताळचा लेबकुखेन हा मसालेदार गोड पदार्थ त्या व्यापारातूनच आला. त्यातला एलिझेन हा उत्तम प्रकार, निदान पाव हिस्सा सुकामेवा आणि फार तर दहावा हिस्सा पीठ. दालचिनी-लवंगेचा तो वास आपल्या ओळखीचा आहे. करंगळीएवढे सॉसेजही इथले प्रसिद्ध, पावात तीन घालून चौकात उभ्याने खातात.

आता जमिनीखाली. टेकडीच्या वाळूच्या दगडात चार मजली तळघरं खोदलेली आहेत. 1380 मध्ये शहराने हुकूम काढला की बिअर गाळून विकायची असेल त्याने स्वतःचं तळघर राखलंच पाहिजे. वर्षभर आठ ते बारा अंश तापमान. शतकानुशतकं बिअर मुरली, आणि मग युद्ध आलं. ही तळघरं एकमेकांना जोडून बॉम्बपासून आसरा केला गेला आणि हजारो माणसं इथे वाचली. किल्ल्याच्या टेकडीखाली दुसऱ्या जागी, चोवीस मीटर खोल, शहराने कलाकृतींसाठी कोरडी, हवा खेळती ठेवलेली कोठारं आधीपासून तयार केली होती. फाइट श्टोसचा देवदूत तिथे होता. 1492 सालचा मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल, आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना आणि अमेरिका नसलेला, तिथे होता. आणि श्टोसनेच पोलंडच्या क्राकोसाठी घडवलेली प्रचंड वेदी, जी नाझींनी लुटून आणली होती, तीही तिथेच सापडली. 1946 मध्ये ती परत गेली. या कोठाराची फेरी दिवसातून मोजक्या वेळी असते, आणि चुकवू नये.

जुन्या गावातून ट्रामने पंधरा-वीस मिनिटांत नाझी पक्षाच्या मेळाव्यांची जागा येते. अकरा चौरस किलोमीटर. हिटलरने न्यूरेंबर्ग निवडलं त्यामागे सम्राटांच्या शहराचा हाच वारसा होता. मेळाव्यांचा मोठा रस्ता मुद्दाम किल्ल्याच्या दिशेने आखला आहे. 1933 ते 1938 दरवर्षी इथे लाखो लोक जमले. 15 सप्टेंबर 1935 ला मेळाव्याच्या वेळीच ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे वंशभेदाचे कायदे याच शहरात मंजूर झाले.

इथे दोन तासांची फेरी घ्यावी. 'गेशिष्टे फ्यूर आले' ही संस्था 1985 पासून अशा फेऱ्या करते. पन्नास हजार माणसांसाठी बांधायला घेतलेलं, छताविना राहिलेलं काँग्रेसगृह बाहेरून रोमच्या कलोसियमसारखं दिसतं, आत विटांचा सांगाडा आहे. त्याच्या एका पंखात 2001 मध्ये दस्तऐवज केंद्र उघडलं. वास्तुकार ग्युंटर डोमेनिग यांनी काच-पोलादाची एक तिरपी वाट त्या इमारतीच्या आरपार घुसवली आहे. काटकोनांच्या त्या मिजाशीला यापेक्षा नेमकं उत्तर असू शकत नाही. पुढे झेप्पेलिन मैदान. हिटलरचा वास्तुकार आल्बर्ट श्पेअर याची साडेतीनशे मीटरहून लांब दगडी बैठक. तिच्या माथ्यावरचं प्रचंड स्वस्तिक अमेरिकन सैन्याने एप्रिल 1945 मध्ये उडवलं. आपण दारावर काढतो ते चिन्ह आणि हे चिन्ह यांत गल्लत होऊ नये, हे मी सोबतच्या जर्मन मंडळींना समजावून सांगितलं, आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

त्या पायऱ्यांवर मुलं स्केटिंग करत होती. कुणी टेनिसचा चेंडू भिंतीवर मारत होतं. दगड फुटत चालले आहेत, भेगांतून गवत उगवलं आहे. हे पडू द्यावं की जपावं, यावर शहरात वर्षानुवर्षं वाद झाला. निर्णय असा की पडू द्यायचं नाही, सजवायचंही नाही. माणसं आत जाऊ शकतील एवढं टिकवायचं. मला हा निर्णय पूर्ण पटतो. मेळाव्यांच्या जागेवरच्या बांधकामांचा दगड फोडण्यासाठी छळछावण्यांतल्या कैद्यांनाही राबवलं होतं. ही जागा नाहीशी झाली तर त्यांच्या श्रमांचा आणि मरणाचा एक पुरावाही नाहीसा होईल. बाजूला झाडांनी झाकलेली एक टेकडी दिसते. बॉम्बहल्ल्यात पडलेल्या जुन्या न्यूरेंबर्गचं डबर इथे आणून टाकलं, त्याची ती टेकडी. सकाळी गल्ल्यांत जे नव्हतं, ते इथे आहे.

भुयारी रेल्वेने बेरेनशान्झे स्थानकावर उतरलं की न्यायमंदिर. युद्धात ही इमारत बरीचशी वाचली, शेजारी तुरुंग होता, म्हणून नाझी पुढाऱ्यांवरचा खटला इथे चालला. 20 नोव्हेंबर 1945 ते 1 ऑक्टोबर 1946, दालन क्रमांक 600. एकवीस आरोपी पिंजऱ्यात, बाराजणांना फाशीची शिक्षा, त्यातला एक गैरहजर. तिघे निर्दोष सुटले. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत कानाला यंत्र लावून एकाच वेळी भाषांतर ऐकण्याची व्यवस्था इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथम इथेच झाली. पाठोपाठ डॉक्टरांवर खटला चालला आणि 1947 मध्ये त्यातून दहा कलमांची न्यूरेंबर्ग संहिता आली. तिचं पहिलंच कलम सांगतं की माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वेच्छेने दिलेली संमती हवी. आज औषधाच्या चाचणीत सही करणाऱ्या प्रत्येकापर्यंत त्या कलमाचा हात पोचलेला आहे. दालन लाकडाच्या फळ्यांचं, अपेक्षेपेक्षा लहान. 2020 पर्यंत तिथे साधे फौजदारी खटलेही चालत. 2010 पासून वरच्या मजल्यावर स्मारक-प्रदर्शन आहे.

गावात परतल्यावर कार्टॉयझरगासेत जा. इस्रायली शिल्पकार डानी काराव्हान यांनी 1993 मध्ये ही गल्ली घडवली. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची तीस कलमं, वेगवेगळ्या भाषांत, बहुतेक आठ मीटर उंच पांढऱ्या खांबांवर कोरलेली. 1995 पासून शहर मानवी हक्कांचा पुरस्कारही देतं. 2003 मध्ये तो पाकिस्तानचे इब्न अब्दुर रहमान आणि मुंबईच्या तीस्ता सेटलवाड यांना मिळाला.

म्युनिकहून वेगवान गाडीने न्यूरेंबर्ग तासाभराच्या अंतरावर आहे, आणि सहलींच्या बस इथे बहुधा जेवणापुरत्या थांबतात. तुम्ही तसं करू नका. दोन रात्री मुक्काम ठेवा. मधल्या पूर्ण दिवसाची सुरुवात झेप्पेलिन मैदान आणि डबराच्या टेकडीपासून करा, मग न्यायमंदिर, आणि दुपार झाल्यावर जुन्या गावात या. मेळाव्यांची जागा आणि जुनं गाव यांसाठी निरनिराळे गाइड घ्या. दोघांचा अभ्यास वेगळा असतो. इंग्रजी फेऱ्यांच्या वेळा आधी विचारून ठेवा, काही आठवड्यातून ठरावीक दिवशीच असतात. आणि गाइडने प्रश्न विचारा म्हटलं, की विचारा. ते त्यासाठीच थांबलेले असतात.